आपला विकी आपल्याला उचलून नेता आला पाहिजे

प्रति,
विकी निवड समिती

स.न.वि.वि.

आपल्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरच्या मदत-पानांसाठी कुठला विकी (म्हणजे सगळ्यांना मिळून पानं लिहिता-सुधारता येतील असं संकेतस्थळ) घ्यायचा, याचा तुम्ही पाठवलेला तक्ता पाहिला. मेहनत दिसते. कुठल्या विकीत टिप्पण्या करता येतात, कुठल्यात आकृत्या काढता येतात, कुठला अंधाऱ्या रंगात दिसतो, सगळ्याला हिरव्या-लाल खुणा आहेत. डोकुविकी सगळ्यात तळाला आहे आणि त्याच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द, ‘जुनाट’. एका कंपनीची फुकट होस्टिंग देणारी, म्हणजे विकी कंपनीच्याच सर्व्हरवर ठेवणारी, सेवा सगळ्यात वर. हा क्रम मला मान्य नाही, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण विकी एकट्या समितीचा नसून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या ग्रंथालयांनी तो रोज उघडायचा आहे त्यांचाही आहे.

मी मालवण तालुक्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. आपल्या समुदायात प्रोग्रामिंग करणारी मंडळी बहुतेक मुंबई-पुण्यात, आणि मदत-पानं वाचणारी माणसं इकडे. पानं लिहिणारी दोन्हीकडे. एवढं डोक्यात ठेवलं की तक्त्यातल्या निम्म्या रकान्यांची गरज उरत नाही. आणि तक्त्यात नसलेले दोन प्रश्न पुढे येतात: दोन वर्षांनी उत्साह ओसरल्यावर हा विकी कोण सांभाळणार, आणि उद्या इथून निघायचं ठरलं तर आपला मजकूर, त्याचा इतिहास आणि पत्ता घेऊन निघता येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ग्रंथालयवाल्यांना शिकवायला नको. आपण ज्या कोहावर, म्हणजे ग्रंथालय चालवायच्या मुक्त सॉफ्टवेअरवर, उभे आहोत, तेच या फेऱ्यातून गेलंय. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयात २००० सालच्या जानेवारीत कोहा चालू झालं, जगभर पसरलं, आणि मग कोहा डॉट ऑर्ग हा पत्ता एका सेवा कंपनीच्या हातात गेला. कोड मुक्त होता, माणसं तीच होती, पण दारावरची पाटी दुसऱ्याच्या नावावर. शेवटी २०१० च्या सुमारास समुदायाला कोहा-कम्युनिटी डॉट ऑर्ग असा नवा पत्ता घ्यावा लागला. तोच पत्ता आपण आज वापरतो आणि त्यातली ‘कम्युनिटी’ कुठून आली हे विसरतो.

विकींच्या जगातही असं झालंय. टीविकी हा पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला जुना, भक्कम विकी. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या संस्थापकाच्या कंपनीने प्रकल्पाचं संकेतस्थळ आपल्या ताब्यात घेऊन नव्या अटी घातल्या. मुख्य प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी फॉसविकी काढला. विकिट्रॅव्हल या प्रवासमाहितीच्या विकीचं तेच: २००६ साली तो एका कंपनीने विकत घेतला, लिहिणारे वैतागत गेले, आणि २०१३ च्या जानेवारीत विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या छताखाली विकिव्हॉयेज सुरू झाला. तिथे लोकांना सगळा मजकूर बरोबर नेता आला, कारण तो पहिल्यापासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे मजकूर कुणालाही पुन्हा वापरू देणाऱ्या, परवान्याखाली होता. आपल्या विकीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी त्याच घरातला सीसी बाय-एसए ४.० परवाना लिहा, आजच. प्लॅटफॉर्म ठरायची वाट पाहू नका.

फुकट सेवेबद्दल फार लिहीत नाही. कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. कंपन्यांचे हिशेब बदलतात, एवढंच. विकिस्पेसेसवर जगभरच्या शिक्षकांनी वर्गांची पानं मांडली होती. २०१८ मध्ये त्यांनी दुकान आवरायला घेतलं. ॲटलासियन कंपनीने आपल्या कॉन्फ्लुएन्स या विकीच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ ला थांबवला, आणि ज्यांनी ती स्वतःच्या मशीनवर बसवली होती त्यांना एकतर क्लाउडवर जा, नाहीतर महागडी आवृत्ती घ्या, नाहीतर दुसरं काही शोधा, असं झालं. भाड्याच्या घराच्या परड्यात विहीर खणू नये. पाणी लागलं की घरमालकाची होते.

आता मराठीकडे येते, कारण तक्त्यात ‘मराठी चालतं’ या ओळीत सगळ्यांपुढे हिरवी खूण आहे, आणि ती खूण कशी दिली गेली याचा मला अंदाज आहे. कुणीतरी ‘नमस्कार’ लिहून पाहिलं असणार.

चाचणीच्या विकीवर ‘नव्याने येणाऱ्यांसाठी’ नावाचं पान पुण्याहून कुणीतरी केलं होतं. आमच्याकडच्या सहायक बाईंनी ते फोनवर शोधलं. नावातला शेवटचा शब्द जसाच्या तसा टाकला. निकाल शून्य. पुन्हा टाकला, पुन्हा शून्य. “पान गावणा नाय,” म्हणून त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. मी यादीतून पान काढून दाखवलं तर तेच अक्षर, तोच शब्द, डोळ्याला काडीचा फरक नाही.

फरक ‘ऱ्या’मध्ये आहे. हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिलं जातं. एक: नुक्त्याचा ऱ, हलन्त, मग या. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर ज्यांचा हात बसलाय ते असं टंकतात. दुसरा: साधा र, हलन्त, त्यामागे एक न दिसणारा जोडणारा वर्ण, मग या. काही कीबोर्ड एक देतात, काही दुसरा. पडद्यावर दोन्हींची अर्ध्या र ची ती छोटी आडवी रेघ सारखीच. पण शोधयंत्राला हे दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि युनिकोडचं जे नेहमीचं सामान्यीकरण असतं, त्याने ते एक होत नाहीत. मराठीत असे शब्द किती ते मोजत बसू नका: दुसऱ्या, वाऱ्या, करणाऱ्या, गाऱ्हाणं. मदत-पानांच्या नावात तर ‘करणाऱ्यांसाठी’ आणि ‘येणाऱ्यांसाठी’ हमखास येणार.

हे तक्त्यातला कुठलाही विकी आपोआप सोडवत नाही, विकिपीडिया ज्यावर चालतो तो मीडियाविकीसुद्धा नाही. तरी फरक पडतो. मीडियाविकी आणि डोकुविकी दोन्हीकडे पान जतन होण्याआधी मजकुरावर हात फिरवायची सोय आहे. एक छोटं प्लगिन, म्हणजे जोड-प्रोग्राम, जे दुसऱ्या प्रकारचा ‘ऱ्या’ पहिल्यात बदलेल, आणि शोधाच्या चौकटीतल्या शब्दालाही तेच करेल. हे दोन्ही विकी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत आहेत, ती येणाऱ्या माणसाचं हे एका संध्याकाळचं काम. होस्ट केलेल्या सेवेत हे आपल्याला करता येणार नाही. कंपनीला मराठीतल्या अर्ध्या र साठी विनंती पाठवून बसावं लागेल, आणि ती विनंती कुठल्या रांगेत पडेल ते तुम्हीच सांगा.

डोकुविकीतही मराठीचा एक खड्डा आहे, आणि मी त्याची बाजू घेतेय म्हणून तो झाकणार नाही. डोकुविकी डेटाबेस वापरत नाही. प्रत्येक पान म्हणजे सर्व्हरवरची एक साधी मजकुराची फाइल. फाइलचं नाव पानाच्या नावावरून ठरतं, आणि मूळ सेटिंगमध्ये ते नाव वेबच्या पत्त्यासारखं टक्क्याच्या खुणांमध्ये लिहिलं जातं. देवनागरीचा एक वर्ण युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचा, आणि टक्क्याच्या खुणांत त्याचे होतात ९. लिनक्सवर फाइलच्या नावाला मर्यादा २५५ बाइटांची. काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे वर्ण धरले जातात. ‘मराठी कीबोर्ड बसवण्याची सोपी रीत’ हे काही लांबलचक नाव नाही, पण त्यात देवनागरीचे २८ वर्ण आहेत. त्यांचेच २५२ बाइट झाले, वर शब्दांमधल्या ४ खुणा आणि शेवटचं डॉट टीएक्सटी. मर्यादा ओलांडली. पान जतनच होणार नाही, आणि लिहिणाऱ्याला कारण कळणार नाही.

उपाय सेटिंगमध्येच आहे: फाइलची नावं थेट यूटीएफ-८ मध्ये ठेवा. मग ७५ वर्णांपर्यंत नाव निर्धास्त. मीडियाविकीतही पानाच्या नावाला २५५ बाइट, म्हणजे ८५ देवनागरी वर्ण, अशीच मर्यादा आहे, त्यामुळे तिथे फार वेगळं काही मिळत नाही. फक्त हे पहिल्या दिवशी करायला हवं. पानं भरल्यावर सेटिंग बदलली तर जुन्या फाइली सापडणार नाहीत आणि कुणालातरी बसून सगळ्यांची नावं बदलावी लागतील.

मग मीडियाविकी का नको? खरं सांगायचं तर मला तो आवडतो. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मेपासून त्यावरच वाढला, आणि आपल्यातल्या ज्यांना विकी म्हणजे काय ते माहीत आहे त्यांना ते तिथूनच माहीत आहे. दृश्य संपादक आहे, भाषांतराची उत्तम सोय आहे, लिब्रेऑफिस, ओपनस्ट्रीटमॅप, आर्च लिनक्स अशा मोठमोठ्या मुक्त प्रकल्पांचे विकी त्यावर चालतात. समितीत रोज तासभर देणारी दोन माणसं असती तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

पण आपल्याकडे सर्व्हर बघणारा एकच जण आहे, तोही नोकरी सांभाळून. मीडियाविकीच्या साध्या आवृत्तीला साधारण एक वर्ष आधार मिळतो, दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीन वर्षं. त्यानंतर नवी आवृत्ती घ्यायची, डेटाबेसची रचना अद्ययावत करायची, आणि प्रत्येक जोडणी (एक्स्टेन्शन) त्या आवृत्तीला जुळणारी आहे ना ते तपासायचं. हे केलं नाही तर काय होतं? सुरक्षेची भोकं उघडी राहतात, किंवा होस्टिंगवाला पीएचपी बदलतो आणि एका सकाळी विकी पांढरा पडतो. मोइनमोइनवाल्यांना विचारा. तो विकी पायथन या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत, पायथन २ मध्ये, लिहिलेला होता, पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, आणि पुढची आवृत्ती वर्षानुवर्षं ‘येतेय’ होती. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि पायथन, दोन्ही प्रकल्पांचे मोइनवरचे विकी त्याआधीच, २०१२ साली, त्यातल्या एका भोकातून फोडले गेले होते. मोठ्या प्रकल्पांकडे ते निस्तरायला माणसं असतात.

डोकुविकी आंद्रेआस गोर यांनी २००४ मध्ये सुरू केला. अजून सांभाळला जातोय, परवाना जीपीएल, म्हणजे मुक्त, साध्यातल्या साध्या पीएचपी होस्टिंगवर चालतो. नव्या आवृत्तीत जायचं म्हणजे नव्या फाइली जुन्यांवर टाकायच्या. जुनाट म्हणायचं असेल तर म्हणा. मला त्यात एवढंच दिसतं की उद्या डोकुविकीच बंद पडला तरी आपली पानं नोटपॅडमध्ये उघडतील.

तक्त्यातल्या बुकस्टॅक या विकीवर समितीतल्या ग्रंथपालांचा जीव आहे हे मला ठाऊक आहे. शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान! आपल्यासाठीच केल्यासारखं. पण आपणच रोज हे भोगतो की पुस्तक कपाटात एकाच जागी राहतं. ‘अनुदानाच्या वार्षिक अहवालासाठी आकडे काढणे’ हे पान दाखल नोंदवहीच्या पुस्तकात ठेवायचं की अहवालांच्या? अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं वेगवेगळ्या वाटेने तिथे पोचणार. विकीचा सगळा जीव पानाच्या आतल्या दुव्यांत असतो, कपाटात नाही. विकी.जेएस देखणा आहे, पण त्याला सर्व्हरवर नोड नावाचं सॉफ्टवेअर आणि डेटाबेस दोन्ही लागतात. आपल्या एकट्या माणसावर आणखी दोन कामं.

एक सूचना अशीही आली होती की विकीच नको, सगळा मजकूर गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रामर कोडच्या आवृत्त्या ठेवतात त्या साधनात, ठेवा आणि ज्याला सुधारणा करायची त्याने पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवावी. मोझिलाने एमडीएन या आपल्या वेब-तंत्राच्या माहितीच्या संकेतस्थळाचं तसंच केलं, २०२० च्या डिसेंबरमध्ये. तिथे ते शोभतं, कारण एमडीएनचा वाचक म्हणजेच वेब लिहिणारा माणूस. आमच्या बाईंना ‘शुल्क’च्या जागी ‘वर्गणी’ करायचं असेल तर त्यांनी खातं काढून, शाखा काढून, पुल रिक्वेस्ट पाठवायची? त्या फोन करून सांगतील. मी ऐकून घेईन, आणि विसरून जाईन. चुका अशाच राहतात. कोडबरोबरची तांत्रिक टिपणं गिटमध्ये जरूर ठेवा, मदत-पानं नकोत.

पेजलॉकबद्दल तक्त्यात डोकुविकीला लाल खूण आहे: एकजण पान संपादनाला घेऊन बसला की दुसऱ्याला थांबावं लागतं. खरं आहे. कुणी पान उघडलं आणि मध्येच रेंज गेली तर ते पान पंधरा मिनिटांपर्यंत अडकून राहू शकतं. इकडे रेंज जाते, त्यात नवल नाही. लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. पण मीडियाविकीत कुलूप नसलं तरी दोघांनी एकच परिच्छेद बदलला की शेवटी संपादन-संघर्षाचा पडदा येतो. दोन मजकूर वर-खाली, कुठला ठेवायचा ते तुम्ही ठरवा. तो पडदा पाच इंची फोनवर पाहिलाय का कुणी? त्यापेक्षा पंधरा मिनिटं थांबलेलं बरं. शिवाय डोकुविकी लिहीत असतानाच अधूनमधून मसुदा राखून ठेवतो, रेंज परत आली की तो पुढे करतो. वाटल्यास कुलपाची वेळ पाच मिनिटांवर आणा, ती सेटिंगही हातातलीच.

खुणांच्या भाषेचंही सांगून टाकते. विकिपीडियावरून येणारे गोंधळणार, कारण डोकुविकीत मथळ्याला बरोबरच्या (=) खुणा जितक्या जास्त, तितका मथळा मोठा. तिकडे उलटं. ठळक अक्षरांसाठी मात्र दोन फुल्या पुरतात, तीन अपॉस्ट्रॉफी नाहीत, आणि फोनचा कीबोर्ड अपॉस्ट्रॉफी वाकड्या करून ठेवतो हे ज्याने भोगलंय त्याला याचं मोल कळेल.

आता प्रतींचं. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये जेंटू लिनक्सचा एक लोकप्रिय, पण अनधिकृत विकी सर्व्हर बिघडल्यावर गेला. कामाला येईल अशी प्रत नव्हती. लोकांनी शोधयंत्रांच्या साठ्यांतून जमेल तेवढी पानं वेचून काढली. इतक्या हुशार माणसांचं असं होतं, तर आपलं काय! डोकुविकीचं डेटा फोल्डर उचललं की त्यात पानं, चित्रं आणि जुन्या आवृत्त्या सगळं येतं. रोज रात्री त्याची एक प्रत दुसऱ्या सर्व्हरवर, आणि महिन्यातून एकदा एक प्रत कोकणातल्या किमान दोन ग्रंथालयांत पेनड्राइव्हवर. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्याकडे खांब पडले होते, वीज नव्हती, मोबाइल मुका. अशा वेळी इन्व्हर्टरवर चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर साधी मजकुराची फाइल उघडते. डेटाबेसची प्रत तशी उघडत नाही.

स्पॅमची काळजी करू नका. नोंदणीच्या पानावर मराठीत एक प्रश्न ठेवा. ‘शहाळं कुठल्या झाडाला लागतं?’ एवढा पुरे. यंत्रांनी तोही सोडवला तर पुढच्या महिन्यात प्रश्न बदला. काजूचा बोंडू आहे, रातांबा आहे, विषयांची टंचाई नाही.

तर माझी मागणी अशी आहे. डोकुविकी घ्या, फाइलची नावं यूटीएफ-८ मध्ये, ‘ऱ्या’चं प्लगिन पानं भरायच्या आधी. डोमेनचं नाव कुणा एका सभासदाच्या खात्यावर नको, ते नोंदणीकृत संस्थेच्या नावावर असू दे, आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख, सर्व्हरचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे हे सभेच्या इतिवृत्तात लिहा. पासवर्ड नव्हे, कुणाकडे आहे ते. दोन माणसं हवीत, त्यातलं एक इकडचं. समितीला हे पटत नसेल आणि मीडियाविकीच हवा असेल, तर दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या आणि ती तीन वर्षांनी कोण बदलणार त्याचं नाव आताच ठरावात घाला. नाव मिळालं तर माझी हरकत नाही. फुकट सेवेला मात्र माझा विरोध आहे, आणि तो ठरावात नोंदवून घ्यावा.

निर्णयाची सभा गणपतीत ठेवताय असं कळलं. चांगलं आहे, सगळे चाकरमानी इकडेच असतील. फक्त ती गौरी-विसर्जनाच्या आधी घ्या. नंतर निम्मे जण परतीच्या गाडीचं तिकीट कन्फर्म झालं का ते बघत बसलेले असतात. आणि सभा आमच्या ग्रंथालयात घ्या. चाचणीचा विकी तिथल्याच रेंजवर, बाईंच्याच फोनवर उघडून दाखवा.

आपली,
मालवण तालुक्यातली एक ग्रंथपाल